रचनेचा बिंदू

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मराठी शाळेत भूमिती शिकलेल्या माणसाला हे चार शब्द याच क्रमाने आठवतात. पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे मिळवायचं, सिद्धता म्हणजे एकातून एक निघत जाणारी विधानं आणि त्यांच्यापुढे कंसात लिहिलेली कारणं. हे तिन्ही शिकवता येतं. रचना मात्र फळ्यावर थेट अवतरते: अमुक बिंदूतून तमुक बाजूला समांतर रेषा काढा. हीच का, दुसरी का नाही, याचं कारण कुठल्याही कंसात नसतं. सिद्धता पुरी झाली की ती रेषा अटळ वाटू लागते, पण त्याआधी ती कोणाला कशी सुचली हे पुस्तक सांगत नाही. भूमितीचं खरं लावण्य मला कायम या तिसऱ्या शब्दात दिसत आलं आहे.

इथे जिचा आस्वाद घ्यायचा आहे ती रचना माणसाने केलेली नाही. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड झालं. त्याच प्रश्नपत्रिकेवर गूगल डीपमाइंडने स्पर्धेबाहेर आपल्या प्रणालींची परीक्षा घेतली. चौथं उदाहरण भूमितीचं होतं. ते औपचारिक भाषेत मांडून दिल्यावर ‘अल्फाजॉमेट्री २’ने १९ सेकंदांत सोडवलं. बातमी झाली ती त्या १९ सेकंदांची. मला रस आहे तो त्या सिद्धतेतल्या एका बिंदूत.

आधी उदाहरण पाहू. मूळ रोमन अक्षरांऐवजी जुन्या पुस्तकांतल्यासारखी आपली अक्षरं घेतो. वाचकाने शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी, कारण हे रसग्रहण नुसतं वाचून पुरतं होणार नाही.

त्रिकोण अबक. अब सर्वांत लहान बाजू, बक सर्वांत मोठी. आत अंतर्वर्तुळ, त्याचा अंतर्मध्य म. बक या रेषेवर ब सोडून असा बिंदू य घ्या, की त्यातून अब ला समांतर काढलेली रेषा अंतर्वर्तुळाला स्पर्श करेल. तसाच क सोडून बिंदू क्ष, ज्यातून अक ला समांतर काढलेली रेषा वर्तुळाला स्पर्श करेल. रेषा अम परिवर्तुळाला पुन्हा जिथे छेदते तो प. अब चा मध्यबिंदू ल आणि अक चा मध्यबिंदू न. सिद्ध करायचं ते असं: कोन नमल आणि कोन यपक्ष यांची बेरीज १८० अंश.

आकृती काढली की पहिल्यांदा जाणवतो तो दुरावा. एक कोन त्रिकोणाच्या पोटात, म पाशी आहे आणि तो मध्यबिंदूंनी बनला आहे. दुसरा कोन खाली परिवर्तुळावर, प पाशी आहे आणि तो स्पर्शिकांतून जन्मलेल्या बिंदूंनी बनला आहे. दोघांना जोडणारं त्या आकृतीत फारसं काही नाही. त्यातही ल आणि न हे दोन मध्यबिंदू अगदी बेकार बसल्यासारखे दिसतात. मध्यबिंदू जोडीने आले की तिसऱ्या बाजूला समांतर रेषा मिळते, हे खरं. पण इथे मागितलेला कोन त्या समांतर रेषेबद्दल काही विचारतच नाही. प्रश्नकर्त्याने हे दोन बिंदू का दिले, याचं उत्तर ज्याला मिळालं त्याला उदाहरण सुटलं.

यंत्राची रचना एका ओळीची आहे. बम या रेषेवर बिंदू इ असा घ्या की कोन अइब काटकोन होईल.

बस, एवढंच. म्हणजे अ मधून ब च्या कोनदुभाजकावर लंब टाकला आणि त्याच्या पायथ्याला नाव दिलं. पहिल्या वाचनात हा बिंदू अगदी बिनमहत्त्वाचा वाटतो. तो ना वर्तुळावर आहे, ना बाजूवर, आणि साध्यात तर त्याचा उल्लेखही नाही. पण आता हळूहळू पाहा.

कोन अइब काटकोन आहे, म्हणजे अब हा व्यास घेऊन काढलेल्या वर्तुळावर इ आहे. त्या वर्तुळाचं केंद्र कोण? ल. मघाशी बेकार बसलेला मध्यबिंदू एका क्षणात केंद्र झाला. लअ, लब, लइ या तिन्ही लांबी सारख्या झाल्या. मध्यबिंदूला काम द्यायचे मार्ग पुष्कळ आहेत, पण काटकोनाच्या कर्णावर बसवून त्याला केंद्रपद देणं यासारखा देखणा मार्ग विरळा.

पुढे जाऊ. लब आणि लइ समान, म्हणून त्रिकोण लबइ समद्विभुज, म्हणून कोन लइब हा कोन लबइ एवढा, म्हणजे कोन ब च्या निम्मा. पण कोन इबक सुद्धा ब च्या निम्माच आहे, कारण इ दुभाजकावर आहे. व्युत्क्रम कोन समान झाले. म्हणजे लइ ही रेषा बक ला समांतर आहे. आणि ल मधून बक ला समांतर जाणारी रेषा आधीच आकृतीत दडलेली आहे: लन. म्हणजे इ हा बिंदू ल आणि न यांना जोडणाऱ्या रेषेवरच पडतो! प्रश्नाच्या अटीप्रमाणे अब ही बक पेक्षा लहान असल्यामुळे तो ल आणि न यांच्या मधेच पडतो. ब कडच्या कोनदुभाजकावर शोधलेला बिंदू दोन्ही मध्यबिंदूंच्या दुव्यावर सापडावा, हा योग मला फार सुंदर वाटतो. पहिल्यांदा वाटतं की यंत्राने सममिती मोडली. प्रश्नात ब आणि क यांचं स्थान एकसारखं असताना त्याने फक्त ब ची बाजू धरली. पण धरलेला बिंदू गुपचूप क कडच्या मध्यबिंदूशीही नातं ठेवून आहे.

आता खालची बाजू. य मधून जाणारी स्पर्शिका अब ला समांतर आहे आणि बक त्यांची छेदिका आहे. तिन्ही रेषा एकाच वर्तुळाला स्पर्श करतात, म्हणून बम आणि यम हे दोन आंतरकोनांचे दुभाजक ठरतात. आंतरकोन पूरक असतात, त्यांचे अर्धे मिळून ९० होतात, म्हणून कोन बमय काटकोन. आता त्रिकोण बमय आणि त्रिकोण बइअ शेजारी ठेवा. एकाला म पाशी काटकोन, दुसऱ्याला इ पाशी. दोघांनाही ब पाशी अर्धा कोन. समरूप. स्पर्शिकेतून आलेला दूरचा य आणि वरचा अ एकाच साच्यात बसले.

आणि प? परिवर्तुळावरचा प हा बक या कंसाचा मध्य आहे. भूमितीचा अभ्यास केलेल्यांना ठाऊक आहे की अशा बिंदूपासून ब, क आणि अंतर्मध्य म हे तिन्ही सारख्या अंतरावर असतात. म्हणून त्रिकोण मपक समद्विभुज, आणि त्याचा प पाशी असलेला कोन, एकाच कंसात अंतर्लिखित असल्यामुळे, कोन ब एवढा. तिकडे त्रिकोण अलइ सुद्धा समद्विभुज आहे, आणि लइ बक ला समांतर असल्यामुळे त्याचाही ल पाशी असलेला कोन ब एवढाच. पुन्हा समरूप. ल च्या जागी प, प च्या जागी ल.

वरच्या गोटातला मध्यबिंदू आणि खालच्या गोटातला कंसमध्य या दोघांचा मघापर्यंत एकमेकांशी काही संबंध नव्हता. एका इ मुळे ते एकमेकांची प्रतिरूपं झाले. पुढे उरतं ते गुणोत्तरं जुळवणं आणि कोनांची बेरीज करणं, म्हणजे चिकाटीचं काम.

माणसांनी याच उदाहरणाला घातलेली एक प्रसिद्ध रचना शेजारी ठेवली की आस्वाद आणखी गडद होतो. अम तेवढीच पुढे वाढवून बिंदू त घ्यायचा, म्हणजे म हा अत चा मध्य होईल. आता म, ल, न हे तिघेही अ पासून निघालेल्या रेषाखंडांचे मध्यबिंदू झाले, म्हणून मल ही तब ला समांतर आणि मन ही तक ला. कोन नमल म्हणजेच कोन कतब. मध्यबिंदू संपले, पुन्हा त्यांचं नाव घ्यायची गरज नाही. शिवाय अब ला समांतर असलेली स्पर्शिका म भोवती अब च्याच उलट बाजूला असल्यामुळे त मधून जाते, आणि दुसरीही तशीच. मग य, त, क, प हे एका वर्तुळावर येतात, तसेच क्ष, त, ब, प, आणि दोन ओळींत उत्तर हाती येतं.

सफाईच्या बाबतीत त वरचढ आहे, हे मी मोकळेपणाने म्हणेन. त सममित आहे, आणि आकृती दुप्पट करून अडचण मुळातून काढून टाकतो. पण इ ची जात वेगळी आहे. त ने मध्यबिंदूंना निरोप दिला; इ ने मध्यबिंदूला घरातच मानाची जागा दिली. एक रचना प्रश्न सोपा करते, तर दुसरी प्रश्नात जे आहे त्यालाच अर्थ देते. दोन्हींत भूमितीची जाण आहे, आणि दुसरी कुठल्याही माणसाकडून उसनी घेतलेली नाही.

ही जाण आली कुठून, याचं उत्तर जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मूळ अल्फाजॉमेट्रीच्या निबंधात आहे. ट्रियू ट्रिन, थांग लुआंग आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा तो निबंध. प्रणालीचे दोन भाग आहेत. पहिलं तर्कयंत्र. त्याला भूमितीचे नियम दिलेले आहेत, आणि कोन, अंतरं, गुणोत्तरं यांची समीकरणं सोडवायची बीजगणिताची सोय आहे. दिलेल्या पक्षातून जे जे निघू शकतं ते सगळं ते काढतं, काही शिल्लक असेपर्यंत थांबत नाही, आणि प्रत्येक विधानापुढे कारण असतंच. दुसरा भाग न्यूरल नेटवर्कचा: सुमारे १५ कोटी प्राचलांचं, म्हणजे आजच्या मापाने अगदी लहान असं भाषेचं मॉडेल. ते आकृती पाहत नाही. पक्ष आणि साध्य अक्षरांच्या ओळीत वाचतं आणि त्या ओळीपुढे काय यावं हे सुचवतं. त्याने सुचवायचं ते फक्त एक: नवा बिंदू.

तर्कयंत्र आधी आपलं सगळं ओतून बसतं. साध्य हाती आलं तर काम संपलं. नाही आलं तर मॉडेल एक रचना सुचवतं, ती पक्षात मिळवली जाते आणि तर्कयंत्र पुन्हा सुरू होतं. हाच फेरा चालू राहतो. पहिल्या आवृत्तीत एका वेळी ५१२ पर्यायी वाटा जिवंत ठेवल्या जात. म्हणजे इ सारखा बिंदू दिसतो तेव्हा त्याच्या मागे न फळलेल्या बिंदूंची रांग असते. माणसाच्या वहीच्या मागच्या पानांवरही ती असतेच.

या जोडणीतलं मर्म मला दिसतं ते असं, की दोन्ही बाजूंना काय बोलायची मनाई आहे यावर तिचं सगळं सौंदर्य उभं आहे. अंदाज बांधणाऱ्याला ‘म्हणून’ हा शब्द वापरायचा अधिकार नाही. तो ‘हा बिंदू घ्या’ म्हणू शकतो, ‘म्हणून हे कोन समान’ म्हणू शकत नाही. तर्क करणाऱ्याला ‘म्हणून’खेरीज दुसरा शब्द नाही, आणि नवा बिंदू काढायची मुभा नाही. ही मनाई मनमानी नाही. ठरावीक बिंदूंमधून निघणारी विधानं शेवटी संपतात, त्यांचा तळ गाठता येतो. पण नवे बिंदू किती घेता येतील? अनंत. तिथे पद्धतशीर शोध हरतो, आणि नेमकी तिथेच अंदाजाला जागा ठेवली आहे; एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.

शिवाय भूमितीत चुकीचा बिंदू निरुपद्रवी असतो. भाषेची मॉडेलं छातीठोकपणे खोटं बोलतात हा त्यांचा कुख्यात दोष. इथे तो दोष बाधत नाही, कारण रीतसर काढलेला कोणताही बिंदू खोटा नसतो. तो निरुपयोगी असेल, पण त्याच्यामुळे असत्य विधान सिद्ध होणार नाही. कल्पनाशक्तीला एवढी निर्धास्त मोकळीक देणारं क्षेत्र दुसरं चटकन डोळ्यांसमोर येत नाही. म्हणूनच या यशाकडे बोट दाखवून वैद्यक किंवा न्यायालयीन कामातही अशीच जोडणी करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे सुचवलेली गोष्टच चूक असू शकते, आणि ती पक्षात मिसळली की पुढचा तर्क कितीही शुद्ध असला तरी उपयोग नाही.

आता त्या मॉडेलच्या शिक्षणाकडे येतो. या सगळ्या कामात मला सर्वांत काव्यमय वाटलेला भाग तो हाच. माणसांनी लिहिलेल्या सिद्धता त्याला दाखवल्याच नाहीत. त्याऐवजी संगणकाने वाटेल तशा कोट्यवधी आकृत्या काढल्या आणि तर्कयंत्राला सांगितलं, यातून जे निघेल ते सगळं काढ. मग प्रत्येक निष्कर्ष घेऊन मागे जायचं: हा निघायला पक्षातलं नेमकं काय लागलं? जे लागलं नाही ते गाळायचं. उरलेल्यात कधी कधी असा बिंदू सापडतो, की जो निष्कर्षाच्या मांडणीत कुठेच नाही, पण ज्याच्याशिवाय सिद्धता उभी राहत नाही. शाळेच्या वहीत ‘रचना’ या मथळ्याखाली जातो तो हाच बिंदू. तो पक्षातून उचलायचा आणि सिद्धतेच्या बाजूला ठेवायचा, की झालं उदाहरण तयार.

अशी १० कोटी प्रमेयं जमली, आणि त्यांपैकी ९० लाखांमध्ये रचनेची गरज होती. मॉडेल घडलं ते यांवर. म्हणजे ज्याला नवा बिंदू काढता येत नाही त्या तर्कयंत्रानेच, उलट्या दिशेने चालून, नवा बिंदू कसा काढावा हे दुसऱ्याला शिकवलं. तर्काने स्वतःच्याच पाऊलखुणा मोजल्या आणि त्यांतून प्रतिभेचा धडा काढला. दोन भाग एकमेकांना बाहेरून चिकटवलेले नाहीत. एकाचं शिक्षण दुसऱ्याच्या पोटातून झालं आहे, आणि इ मधली जाण अशाच बिंदूंच्या सहवासातून आली आहे.

हे दोन प्रवाह एकत्र आणायची ओढ जुनी आहे. १९५६च्या डार्टमथच्या बैठकीपासून चिन्हांवर चालणारा तर्क आणि मेंदूच्या पेशींची नक्कल करणारी जाळी अशा दोन वाटा झाल्या, आणि पुढची अनेक दशकं एकीचा उत्कर्ष तो दुसरीचा पडता काळ असंच चाललं. तो इतिहास सर्वश्रुत आहे. भूमितीपुरतं एक नाव मात्र घ्यायलाच हवं: हर्बर्ट गेलर्न्टर. आयबीएममध्ये १९५९ मध्ये त्याने भूमितीची प्रमेयं सिद्ध करणारं यंत्र उभं केलं, आणि त्याला तर्काबरोबर एक आकृतीही दिली, निर्देशकांच्या रूपात. साध्यापासून मागे येताना ‘हे दोन कोन समान असतील तर काम होईल’ असं वाटलं, की यंत्र आधी आकृतीत मोजून पाही. आकृतीतच ते समान नसतील तर ती वाट सोडून देई. डोळ्याने तर्काला दिलेली ती पहिली साथ म्हणावी. गेलर्न्टरच्या यंत्रात डोळा नको त्या फांद्या छाटत होता. अल्फाजॉमेट्रीत अंदाज नव्या फांद्या लावतो.

दुसरं नाव चीनच्या वू वेन-त्सुन यांचं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी भूमितीची विधानं बहुपदींच्या समीकरणांत बदलून तपासायची रीत काढली. ती अतिशय समर्थ आहे. पण तिच्या शेवटी मिळते ती एक लांबलचक बैजिक आकडेमोड, जिची बाकी शून्य येते. प्रमेय खरं आहे हे कळतं, का खरं आहे हे कळत नाही. तिथे इ नाही, त नाही, ल ला मानाची जागा नाही. म्हणून मी वूंच्या रीतीपुढे नतमस्तक होतो, पण तिचं रसग्रहण करू शकत नाही.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण जोड कुठे कामी आली हे ते नेमकं दाखवतात. २०००पासूनच्या ऑलिंपियाडमधल्या ३० उदाहरणांवर पहिली अल्फाजॉमेट्री तपासली गेली. नुसत्या तर्कयंत्राने १४ सोडवली. माणसांनी बसवलेले रचनेचे ठोकताळे दिल्यावर १८. रचना सुचवायला जीपीटी-४ ठेवल्यावर १५. स्वतःचं ते लहान मॉडेल ठेवल्यावर २५. जगभरचा मजकूर वाचलेल्या अवाढव्य मॉडेलने तर्कयंत्राला एका उदाहरणाची भर घातली, आणि फक्त भूमितीच्या पाऊलखुणा वाचलेल्या चिमुकल्याने अकराची. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्पर्धकांची सरासरी याच उदाहरणांवर २५.९ भरते. २०२४ मध्येच हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की मूळ निबंधात १० उदाहरणं सोडवल्याचं म्हटलेली वूंची रीत प्रत्यक्षात १५ सोडवते, आणि ती अल्फाजॉमेट्रीला जोडली तर ३० पैकी २७ सुटतात. जुन्या गुरूला मिळालेली ही दाद मला मनापासून आवडली.

उणीवही स्पष्ट आहे. प्रश्न औपचारिक भाषेत मांडावा लागतो, आणि पहिल्या आवृत्तीच्या भाषेत असमानता, सरकणारे बिंदू, मोजणीची भूमिती बसतच नव्हती. सिद्धता लांब होतात. २०१५च्या तिसऱ्या उदाहरणाची सिद्धता १०९ पायऱ्यांची आहे. एखादा अनुभवी विद्यार्थी ‘हे समकेंद्री विस्तारामुळे’ म्हणून जिथे एका उडीत पोचतो तिथे हे यंत्र पायरी पायरी चढतं. तरी त्या पायऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत, समरूप त्रिकोण आणि अंतर्लिखित कोन यांच्याच, आणि ज्याला वेळ आहे त्याला त्या प्रत्येक वाचता येतात.

जुलै २०२५ मध्ये चित्र पुन्हा बदललं. गूगलच्याच जेमिनाय डीप थिंकने त्या वर्षीच्या ऑलिंपियाडमध्ये सहापैकी पाच उदाहरणं सोडवून ४२ पैकी ३५ गुण मिळवले, सुवर्णपदकाएवढे, आणि तेही सरळ बोलीभाषेत, वेगळ्या तर्कयंत्राशिवाय. मग जोडणीचे दिवस सरले का? मला तसं वाटत नाही. बोलीभाषेतली सिद्धता बरोबर आहे की नाही हे ठरवायला परीक्षक बसावे लागले. इ ची सिद्धता परीक्षक नसतानाही बरोबर असते, कारण तिच्यातलं एकही ‘म्हणून’ अंदाज बांधणाऱ्याने उच्चारलेलं नाही. गुणपत्रिकेवर हा फरक दिसत नाही. सिद्धतेवर आणखी काही उभारायचं असेल तिथे तो दिसतो.

मागे चालण्याच्या त्याच रीतीने एकदा वेगळाच लाभ दिला. २००४च्या ऑलिंपियाडचं पहिलं उदाहरण: त्रिकोण अबक, बक हा व्यास घेऊन काढलेलं वर्तुळ अब आणि अक या बाजूंना एकेका बिंदूत छेदतं. बक चा मध्य, म्हणजे वर्तुळाचं केंद्र, त्या दोन बिंदूंशी जोडायचं, तिथला कोन दुभागायचा, तो दुभाजक कोन अ च्या दुभाजकाला जिथे मिळतो तो बिंदू घ्यायचा. मग त्या बिंदूतून, एक छेदबिंदू आणि ब यांतून जाणारं वर्तुळ, आणि दुसरा छेदबिंदू आणि क यांतून जाणारं वर्तुळ, ही दोन वर्तुळं बक वर भेटतात हे दाखवायचं. अल्फाजॉमेट्रीने ते सोडवलं. मग सिद्धतेवरून मागे येत, पक्षातलं काय काय लागलं हे तपासलं, तेव्हा एक अट कुठेच वापरलेली आढळली नाही: केंद्र बक चा मध्य असणं. केंद्रापासून दोन छेदबिंदू सारख्या अंतरावर आहेत, एवढंच पुरत होतं. आकृती पुन्हा काढा आणि केंद्र बक वरून उचलून दुसरीकडे ठेवा. मात्र त्याच्याभोवतीचं वर्तुळ अब आणि अक ला छेदू द्या. ती दोन वर्तुळं तरीही बक रेषेवरच भेटतात.